थंडीच्या दिवसांत मिठ्ठूची अंघोळ

नोव्हेंबर सरत आला की खानदेशात थंडी उतरते. नंदुरबार तालुक्यातले रनाळे घ्या किंवा तापीकाठचे कोणतेही गाव घ्या, पहाटे फजरच्या नमाजला निघणारा माणूस कानटोपी आणि शाल घेतल्याशिवाय उंबरठा ओलांडत नाही. उत्तरेला सातपुड्याच्या डोंगरात तर थंडी आणखी कडक असते. अक्कलकुवा तालुक्यातल्या डाबसारख्या पाड्यांवर दवबिंदू गोठल्याच्या बातम्या अनेक हिवाळ्यांत आपण वाचतो. अशा दिवसांत घरातली मुले मात्र ओट्यावर टांगलेल्या पिंजऱ्यापाशी उभी राहून विचारतात, "अम्मी, मिठ्ठूला आज अंघोळ घालू का?"

प्रश्न लहान वाटतो, पण त्याचे उत्तर चुकले तर एक जीव जातो. दर हिवाळ्यात असे कुठे ना कुठे घडते. शाळेतून आलेल्या मुलांनी संध्याकाळी हौसेने पक्ष्याला तांब्याभर पाणी ओतून न्हाऊ घातलेले असते. रात्री पिंजरा ओट्यावरच राहतो आणि सकाळी पक्षी पिंजऱ्याच्या तळाशी पडलेला दिसतो. याच्या उलटही घडते. थंडीच्या भीतीने चार महिने पक्ष्याला पाणीच दाखवले जात नाही, मग त्याची पिसे निस्तेज होतात आणि तो ती कुरतडू लागतो. या दोन टोकांच्या मधली वाट कोणती, ते या लेखात आम्ही सांगणार आहोत.

थंडीत अंघोळ हवीच का?

हवी, पण बेताने. रानातला पोपट पावसात भिजतो, दवाने ओल्या झालेल्या पानांत अंग घुसळतो, पाणवठ्याच्या कडेला बसून पंख झाडतो. पिसे स्वच्छ ठेवणे हे त्याच्यासाठी चैन नसून जगण्याचे काम आहे. पक्ष्याच्या शरीराचे तापमान साधारण ४१ अंश सेल्सिअस असते, म्हणजे आपल्याहून चार अंशांनी जास्त. ही ऊब तो पिसांच्या आधारे राखतो. पिसे फुलली की त्यांच्यामध्ये हवा साठते आणि ती हवा रजईतल्या कापसाचे काम करते. पिसे धुळीने, तेलकटपणाने चिकटलेली असली तर हवा नीट साठत नाही. म्हणून स्वच्छ पिसांचा पक्षी थंडीला अधिक चांगला तोंड देतो.

मात्र हीच पिसे मुळापर्यंत भिजली की हवेची जागा पाणी घेते आणि रजईच ओली होते. बजरीगरसारख्या पक्ष्याचे वजन जेमतेम ३० ते ४० ग्रॅम असते. एवढ्याशा शरीरातली ऊब झपाट्याने निघून जाते. म्हणून हिवाळ्यात "अंघोळ घालावी की नाही" यापेक्षा "तो किती वेळात कोरडा होईल" हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे.

आपल्या भागात आणखी एक कारण आहे. हिवाळा हा मिरचीचा आणि कापसाचा हंगाम. नंदुरबारच्या परिसरात लाल मिरची वाळवण्याच्या पथाऱ्या लागतात, गावोगाव कापसाची ने-आण चालते आणि हवेत बारीक धूळ असते. गंमत अशी, की मिरचीचा तिखटपणा पक्ष्यांना लागत नाही. ज्या घटकामुळे आपली जीभ भाजते तो त्यांना जाणवत नाही, म्हणून पोपट लाल मिरची मजेत खातो. पण मिरचीची पूड आणि धूळ नाकात जाणे वेगळे. तिचा त्रास पक्ष्याच्या नाजूक श्वसनमार्गाला होतो. मिरची खुडण्याचे, कुटण्याचे काम अंगणात चालले असेल तर पिंजरा तेथून हलवावा.

आपल्या थंडीची रीत ओळखा

पोपटांच्या निगेविषयी जे सल्ले ऐकायला मिळतात त्यांतले बरेचसे बर्फाळ देशांतले असतात. तेथे दिवसभर थंडी असते आणि घरात दिवसभर हीटर असतो. आपल्याकडे तसे नाही. पहाटे पारा दहा अंशांच्या आसपास किंवा त्याहून खाली जातो, पण आकाश निरभ्र असेल तर दुपारी ऊन चांगले तापते आणि स्वेटर काढून ठेवावे लागते. एकाच दिवसात एवढा फरक पडतो. म्हणजे अंघोळीसाठी आपल्याकडे रोज एक सुरक्षित वेळ असते, फक्त ती नेमकी साधायला हवी.

ती वेळ सकाळी ११ ते दुपारी १ ची. घड्याळापेक्षा नमाजच्या वेळा घरात सगळ्यांच्या लक्षात राहतात, म्हणून असे ठरवून टाकावे: पक्ष्याची अंघोळ जुहरच्या आधी उरकावी आणि असरच्या अजानपर्यंत तो पूर्ण कोरडा झालेला असावा. असरनंतर त्याच्या अंगावर पाण्याचा थेंबही नको. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि मगरिबनंतर गारठा चढू लागतो. तेव्हा ओला राहिलेला पक्षी रात्र काढू शकेलच असे नाही.

अनेक घरांत जुम्याच्या दिवशी सगळ्यांच्या अंघोळीबरोबर मिठ्ठूचीही अंघोळ उरकली जाते. लक्षात ठेवायला हा दिवस सोपा आहे, पण एक अडचण आहे. बारा-साडेबाराला घरातले पुरुष आणि मुले मशिदीकडे निघतात, बायका स्वयंपाकात गुंततात आणि भिजलेला पक्षी अंगणात एकटा राहतो. मांजर, कावळा किंवा माकड याच संधीची वाट पाहत असते. त्यापेक्षा रविवार बरा. मुले घरी असतात आणि पक्ष्यापाशी तासभर कोणीतरी बसू शकते.

कडक थंडीत आठवड्यातून एकदा अंघोळ पुरते. उन्हाचे दिवस असतील आणि पक्षी स्वतःच पाण्याकडे झेपावत असेल तर दोनदा चालेल. आणि पुढील दिवशी अंघोळ नकोच:

- आभाळ भरून आले असेल, अवकाळी पावसाची चिन्हे असतील किंवा धुके उतरलेले असेल.
- गार वारा सुटला असेल. नुसत्या थंडीपेक्षा अंगावर येणारा वारा अधिक घातक असतो.
- पक्षी आजारी, मलूल किंवा नुकताच घरी आणलेला असेल.
- मादी अंड्यांवर बसली असेल किंवा पिल्लांना अजून पुरती पिसे आली नसतील.

यातले काही लक्षात राहिले नाही तरी एक खूण पुरे. जेथे अंघोळ घालायची तेथे त्या वेळी तुम्हाला स्वतःला स्वेटर घालावासा वाटत असेल, तर त्या दिवशी अंघोळ नको.

पाणी कसे असावे?

पाणी कोमट असावे, कढत मुळीच नको. प्रेमापोटी पुष्कळ जण बंबातले गरम पाणी घेतात. पक्ष्याच्या शेपटीच्या मुळाशी एक तैलग्रंथी असते. तिचे तेल चोचीने पिसांवर फिरवून तो पिसे मऊ आणि पाणी न धरणारी ठेवतो. गरम पाणी आणि साबण हे तेल धुऊन टाकतात, मग पक्षी अधिक भिजतो आणि अधिक गारठतो. मनगटाच्या आतल्या बाजूवर दोन थेंब टाकून पाहावे. ना गार ना गरम, असे लागले की पाणी योग्य.

गच्चीवरच्या टाकीचे पाणी सकाळी बर्फासारखे असते, तर भर दुपारी उन्हात तापलेल्या पाइपातून पहिल्यांदा येणारे पाणी चटका देणारे असू शकते. म्हणून नळाखाली थेट पक्षी धरू नये. आधी भांड्यात पाणी काढावे, मग हात लावून पाहावे.

साबण, शाम्पू, डेटॉल, हळद, अत्तर, गुलाबपाणी यांतले काहीही पाण्यात घालू नये. पक्षी अंघोळीनंतर प्रत्येक पीस चोचीतून ओढून साफ करतो, म्हणजे अंगावर जे पडेल ते त्याच्या पोटात जाते. साधे, पिण्यायोग्य पाणी हेच उत्तम.

अंघोळीच्या तीन रीती

पहिली रीत पसरट भांड्याची. मातीची परळ किंवा जड थाळी घ्यावी. पाणी इतकेच असावे की उभ्या पक्ष्याचे पाय बुडतील आणि पोटाला जेमतेम लागेल. भांडे घसरणारे नको. पक्षी स्वतः उतरेल, चोच बुडवेल, पंख फडफडवेल. पाच-दहा मिनिटांनी भांडे काढून घ्यावे. दिवसभर आत ठेवले तर तो संध्याकाळी पुन्हा भिजतो.

दुसरी रीत ओल्या पानांची. बजरीगर हा मूळचा ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या माळरानातला पक्षी. तेथे तो ओल्या गवतात अंग घासून न्हातो. कोथिंबिरीची किंवा मेथीची जुडी नीट धुऊन, पाणी झटकून पिंजऱ्यात टांगावी. तो तिच्यात शिरतो, अंग घुसळतो आणि चार पाने खातोही. फार थंडीच्या आठवड्यात ही रीत सर्वांत चांगली, कारण पिसे वरवरच ओली होतात. भाजीवर फवारणी झालेली असते, म्हणून ती दोन-तीन पाण्यांतून काढणे आवश्यक आहे.

तिसरी रीत बारीक फवाऱ्याची. फवाऱ्याची बाटली नवी असावी, पूर्वी औषध किंवा फिनाइल भरलेली नको. फवारा पक्ष्यावर रोखून मारू नये. त्याच्या डोक्यापेक्षा थोडा वर धरावा, म्हणजे तुषार पावसासारखे खाली येतात. डोळ्यांत आणि नाकपुड्यांत पाणी जाता कामा नये. पिसे वरून ओलसर दिसली की थांबावे. हिवाळ्यात पक्षी निथळेपर्यंत भिजवायचे नसते.

या तिन्ही रीतींत एक गोष्ट समान आहे: निवड पक्ष्याची. त्याला मुठीत धरून पाण्यात बुडवणे ही अंघोळ नव्हे. भीतीने त्याचा श्वास फुलतो, छाती दाबली गेली तर गुदमरतो. तो भांड्यापासून दूर सरकत असेल तर त्या दिवशी सोडून द्यावे. मुलांना हे आधी समजावून सांगावे, कारण उत्साहाच्या भरात चूक त्यांच्याकडूनच होते.

अंघोळीनंतरचे दोन तास

खरी काळजी येथून पुढे आहे. पिंजरा कोवळ्या उन्हात ठेवावा, पण अर्ध्या भागावर सावली हवी. उन्हात अडकलेला पक्षी हिवाळ्यातही तापून मरू शकतो. त्याला हवे तेव्हा उन्हातून सावलीत सरकता आले पाहिजे. वाऱ्याच्या बाजूने चादर लावावी. चालू पंख्याखाली किंवा दोन दारांच्या मध्ये पिंजरा नको.

लहान पक्षी चांगल्या उन्हात तासाभरात कोरडा होतो, मोठ्याला दोन तासही लागतात. वरून कोरडा दिसला तरी पोटाखालची आणि पंखांखालची पिसे ओली असू शकतात, तेथे पाहावे. केस वाळवण्याचे ड्रायर वापरण्याचा मोह टाळावा. त्याच्या गरम झोताने कातडी भाजते आणि काही यंत्रांच्या आतल्या लेपाचा तापल्यावर निघणारा वायू पक्ष्यांना विषारी असतो.

ऊब देताना होणारे घात

थंडीत पक्षी दगावतात ते केवळ पाण्याने नव्हे. पक्ष्याची श्वसनसंस्था आपल्यापेक्षा कितीतरी कार्यक्षम असते, त्यामुळे हवेतले विषही त्याच्या अंगात लवकर भिनते. बंद खोलीत पेटवलेली कोळशाची शेगडी पिंजऱ्यापाशी ठेवणे हा सर्वांत मोठा धोका. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास. आधी पक्षी पडतो, पण तो वायू त्याच खोलीत झोपलेल्या माणसांनाही सोडत नाही. पूर्वी युरोपातल्या कोळशाच्या खाणींत कामगार पिंजऱ्यातला पक्षी सोबत नेत असत, ते याच कारणाने.

नॉनस्टिक तवा रिकामा जास्त तापला तर त्याच्या लेपातून निघणारा वायू पोपटाला काही मिनिटांत मारू शकतो. म्हणून पिंजरा स्वयंपाकघरात नको. डासांची कॉइल, लोबान आणि अगरबत्तीचा दाट धूर, छातीला चोळायचा उग्र बाम यांच्यापासूनही पक्षी दूर ठेवावा.

रात्रीसाठी साधा उपाय पुरतो. पिंजरा घरात, भिंतीच्या आधाराने, जमिनीपासून उंच ठेवावा. तीन बाजूंनी आणि वरून सुती चादर टाकावी, एक बाजू हवेसाठी मोकळी सोडावी. लोकर किंवा सुटे धागे असलेले कापड नको, त्यात नखे अडकतात. बाजरी, राळा, ज्वारी यांचा दाणा संध्याकाळी पोटभर द्यावा, कारण रात्रभर ऊब टिकवायला त्याला हेच इंधन लागते. चहा, तळलेले पदार्थ, मिठाचे फरसाण, चॉकलेट आणि अॅव्होकाडो मात्र कधीही देऊ नये.

पक्षी गारठला तर

अंग फुगवून, डोळे मिटून, दोन्ही पायांवर दबून बसणे, श्वासाबरोबर शेपटी वरखाली होणे, नाकपुड्या ओल्या असणे, दांडी सोडून तळाशी उतरणे ही धोक्याची चिन्हे आहेत. पक्षी आपला आजार शेवटपर्यंत लपवतो. म्हणून चिन्हे दिसली तेव्हा उशीर होत आलेला असतो.

त्याला कोरड्या मऊ कापडाने हलकेच टिपून घ्यावे, चोळू नये. पुठ्ठ्याच्या खोक्याला भोके पाडून आत कापड घालावे आणि पक्ष्याला त्यात शांत, अंधाऱ्या जागी ठेवावे. खोक्याच्या एकाच बाजूला, बाहेरून, कोमट पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून लावावी. आतली ऊब ३० अंशांच्या आसपास असावी आणि नको वाटल्यास त्याला दुसऱ्या बाजूला सरकता यावे. तोंडात जबरदस्तीने पाणी, मध, ब्रँडी किंवा माणसांचे औषध घालू नये. ते श्वासनलिकेत गेले की सगळे संपते. मग पशुवैद्यकाकडे न्यावे. गावातल्या दवाखान्यात गुराढोरांचे काम अधिक असते. पक्ष्यांची माहिती असलेला डॉक्टर कोठे आहे, हे पक्षी बरा असतानाच विचारून ठेवावे.

कोंबड्या आणि नवापूरचा धडा

आपल्या जिल्ह्याला पक्ष्यांच्या आजाराचा धडा फार जवळून मिळालेला आहे. फेब्रुवारी २००६ मध्ये भारतात बर्ड फ्लूची पहिली नोंद झाली ती नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापुरात. लाखो कोंबड्या माराव्या लागल्या आणि कित्येक कुटुंबांचा धंदा बसला. फेब्रुवारी २०२१ मध्ये नवापुरात हा आजार पुन्हा आला. दोन्ही वेळा महिना हिवाळा सरतानाचाच होता.

पोपटाच्या अंघोळीशी याचा संबंध असा: ओट्यावर ठेवलेल्या अंघोळीच्या भांड्यातून कोंबड्या पाणी पितात, कबुतरे आणि चिमण्या उतरतात आणि त्याच पाण्यात पोपट न्हातो. भांडे वेगळे असावे, अंघोळ झाली की लगेच पाणी फेकून ते घासून उन्हात ठेवावे. कोंबड्यांच्या खुराड्यात हात घातल्यावर हात न धुता पोपटाला दाणा देऊ नये. पोपटाच्या वाळलेल्या विष्ठेतून आणि पिसांच्या धुळीतून माणसाला होणारा सिटॅकोसिस नावाचा फुप्फुसाचा आजारही आहे. म्हणून पिंजरा झाडण्याआधी पाणी शिंपडावे, तोंडाला रुमाल बांधावा आणि नंतर साबणाने हात धुवावेत. घरात दम्याचे वृद्ध किंवा तान्हे मूल असेल तर पिंजरा त्यांच्या खोलीत नको. परिसरात कोंबड्या किंवा रानपक्षी अचानक मरू लागले तर त्यांना हात न लावता पशुसंवर्धन विभागाला कळवावे.

पिंजऱ्यात कोण आहे?

हे सगळे सांगताना एक गोष्ट टाळून पुढे जाणे आम्हाला योग्य वाटत नाही. आपल्या कितीतरी घरांत जो मिठ्ठू असतो, तो हिरवा, लाल चोचीचा, गळ्यात कंठ असलेला राघू किंवा खांद्यावर लाल पट्टा असलेला पहाडी पोपट असतो. हे आपले देशी, रानातले पक्षी आहेत. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ नुसार त्यांना पकडणे, विकणे, विकत घेणे आणि पाळणे हा गुन्हा आहे. त्यासाठी कैद आणि दंड दोन्ही होऊ शकतात. बजरीगर, कॉकाटील, आफ्रिकेतला लव्हबर्ड हे परदेशी पक्षी पाळण्यास बंदी नाही. आपल्या बाजारात बजरीगरलाच "लव्हबर्ड" म्हणून विकतात, एवढे ध्यानात असावे. ग्रे पॅरट, मकाव यांसारख्या मोठ्या परदेशी पोपटांची नोंद मात्र वन खात्याच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते.

थंडी ओसरू लागते तेव्हा राघूंचा विणीचा काळ सुरू होतो आणि झाडांच्या ढोलीतली पिल्ले काढून विकणारेही हिंडू लागतात. अशी पिल्ले घेऊ नयेत. हदीसमध्ये एक प्रसंग आहे. प्रवासात काही सोबत्यांनी एका पक्षिणीची दोन पिल्ले उचलली. ती पंख फडफडत घिरट्या घालू लागली. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी ते पाहिले, तिला पिल्लांवरून कोणी दुखावले असे विचारले आणि पिल्ले परत ठेवण्यास सांगितले.

दुसरीकडे अबू उमैर या लहान मुलाची हकीकतही आपल्याला माहीत आहे. हजरत अनस (रजि.) यांच्या या धाकट्या भावाकडे एक छोटासा पक्षी होता. तो मेला तेव्हा खिन्न बसलेल्या त्या मुलाची प्रेषितांनी (स.) मायेने विचारपूस केली. या हकीकतीवरून उलमांनी असा अर्थ काढला, की पक्षी पाळता येतो, पण त्याला दाणापाणी देण्याची आणि त्याचे हाल न करण्याची जबाबदारी पाळणाऱ्यावर येते. मांजरीला कोंडून उपाशी मारणाऱ्या स्त्रीची हदीसही हेच सांगते. कोंडलेला जीव स्वतःचे अन्न, ऊन आणि निवारा शोधू शकत नाही. त्याचा हिशेब कोंडणाऱ्याकडे असतो.

मग आधीपासून घरात असलेल्या राघूचे काय? भीतीने पिंजऱ्याचे दार उघडून त्याला डिसेंबरात हाकलून देणे हा उपाय नव्हे. वर्षानुवर्षे हातून खाल्लेल्या पक्ष्याला ना दाणा शोधता येतो, ना शिकरा ओळखता येतो. पहिल्याच थंड रात्री तो संपतो. वन खात्याच्या कार्यालयात किंवा १९२६ या हेल्पलाइनवर संपर्क करून त्याला रीतसर सोपवावे. मुले रडतील. त्यांना कारण सांगावे, सोपवायला सोबत न्यावे.

आणि राघूची ओढ उरलीच तर त्यासाठी पिंजरा लागत नाही. मुंबईच्या एका मुस्लिम कुटुंबात वाढलेल्या डॉ. सलीम अली यांनी उभे आयुष्य मोकळ्या पक्ष्यांकडे पाहण्यात घालवले. त्यांचा जन्मदिवस १२ नोव्हेंबरला येतो आणि महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह पाळला जातो. गच्चीवर, मांजर पोहोचणार नाही अशा जागी, मातीच्या परळीत दोन बोटे पाणी ठेवावे आणि ते रोज बदलावे. दुपारचे ऊन चढले की कधी साळुंक्या येतात, कधी बुलबुल, नशीब असेल तर राघूंची जोडीही. ते स्वतःच न्हातात, पंख झाडतात, उन्हात वाळतात आणि मगरिबच्या आधी आपल्या झाडाकडे निघून जातात.